लोकर गुंडाळलेलं स्टिअरिंग

जुनं स्टिअरिंग निघायला तयार नव्हतं. झुंबर मिस्त्रीनं मधलं हॉर्नचं बटण काढलं, आतला मोठा नट सैल केला, मग ओढून काढायच्या पुलरचे पाय स्टिअरिंगच्या बुडाला अडकवून मधला आटा पिळायला घेतला. आटा कुरकुरला, पण स्टिअरिंग जागचं हललं नाही. मिस्त्रीनं वरून थोडं डिझेल सोडलं, हातोडीचे टोले घातले आणि कपाळाचा घाम दंडाला पुसत म्हणाला, "आबा, तुमच्यावानीच हाय बगा हे. एकदा बसलं ते बसलंच."

आबाजी हसला. गॅरेजमधले बाकीचेही हसले.

बारामतीत भिगवण रस्त्याला झुंबर मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. त्या पत्र्याखाली आबाजीची गाडी उभी होती. आबाजीची म्हणायची एवढंच, मालक होते कन्हेरीचे मोहनराव. पण निरवांगीपासून बारामतीपर्यंत रस्त्यावर कुणालाही विचारलं असतं, तर त्यानं आबाजी ड्रायव्हरचंच नाव घेतलं असतं. पुढं लांब नाक असलेला जुन्या बांधणीचा ट्रक. तसले ट्रक चौऱ्याण्णव साली रस्त्यावर फारसे दिसतही नव्हते. मोहनरावांनी तो घेतला तेव्हा त्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या, आणि आबाजी नुकताच मेंढरं सोडून गाडीवर आला होता.

मेंढरं सोडली म्हणण्यापेक्षा मेंढरांना जागा उरली नव्हती. कालव्याचं पाणी आलं आणि चराईच्या माळावर ऊस उभा राहिला. आबाजीच्या बापानं कळप विकला. शेवटच्या कातरणीची थोडी काळी लोकर तेवढी घरात राहिली. म्हातारा दाराशी बसून ती चातीवर पिळत राहायचा. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. एक दिवस त्या दोरीचं वेटोळं त्यानं पोराच्या हातात ठेवलं. "थंडीत लोखंड चावतं," एवढंच म्हणाला. आबाजीनं ती दोरी स्टिअरिंगला गुंडाळली, वेढ्याला वेढा लावून. हाताचा घाम, तेल, तंबाखू मुरून मुरून ती चामड्यासारखी झाली. जिथं त्याचे पंजे पडत तिथं ती दबून खोलगट झाली होती. दुसरा कुणी गाडीवर बसला, तर त्याचे हात त्या खळग्यांत बसत नसत.

तेच स्टिअरिंग आज निघत होतं.

ही सगळी हौस मोहनरावांच्या मुलाची, शंभूराजची. यंदा साखर कारखान्याच्या हंगामाची उसाची पहिली मोळी मोहनरावांच्या गाडीतून जायची होती. पूजा व्हायची, हार पडायचे, फोटो निघायचे. म्हणून शंभूराजनं गाडीला नवा रंग दिला, नाकावर आरसे आणि गोंडे लावले, आणि पुण्याहून दोन वस्तू आणल्या. एक नवं स्टिअरिंग. काळं, चकचकीत, तीन चंदेरी दांड्यांचं आणि जेवायच्या ताटाहून थोडंसंच मोठं. दुसरी वस्तू हॉर्न. त्याला लांब पितळी कर्णे होते, आणि बटण दाबलं की सिनेमातल्या गाण्याची चाल वाजायची.

आबाजीनं ते स्टिअरिंग हातात घेऊन पाहिलं होतं आणि दांड्यांमधल्या फटीत हात घालून पाहिला होता.

गेल्या हंगामाच्या शेवटी त्याचा उजवा खांदा गेला होता. हात वर जायचा, पण त्यात जोर राहिला नव्हता. ही गोष्ट त्याच्या बायकोला, सारजाला, तेवढी माहीत होती. बाहेर कुणाला कळलं नाही, कारण आबाजीनं एक युक्ती शोधली होती. जुनं स्टिअरिंग चांगलं परातीएवढं. भरल्या गाडीनं अवघड वळण घ्यायचं असलं, की तो डावा हात कोपरापर्यंत आत घालून दांडीमागं अडकवायचा, बुड सीटवरून उचलायचा आणि सगळ्या अंगाचा भार त्यावर टाकायचा. खांद्याचं काम अंग करायचं. बघणाऱ्याला वाटायचं, ही आबाची बसायची ढब आहे.

नव्या स्टिअरिंगच्या दांड्यांमधून कोपर जाणार नव्हतं.

शेवटी मिस्त्रीनं घातलेल्या एका टोल्यासरशी जुनं स्टिअरिंग सुटलं आणि त्याच्या छातीवर आदळलं. त्यानं ते भिंतीला टेकवून ठेवलं. नव्या स्टिअरिंगचा मधला हब खालून येणाऱ्या दांड्याच्या खाचांत बसवला, नट आवळला, हॉर्नची वायर मधून वर घेतली. पुढची चाकं सरळ करायला गाडीचं नाक जॅकवर उचललेलं होतं.

"बसा आबा. बगा कसं वाटतंय," मिस्त्री म्हणाला.

आबाजी वर चढला. खाली शंभूराज उभा होता. त्याच्या शेजारी सिद्धू होता. मोहनरावांच्या ट्रॅक्टरवर असायचा तो, तिशीच्या आतला, दंड भरलेला, परीटघडीचा शर्ट घालणारा. आणखीही माणसं होती. कुणी चहा पीत होतं, कुणी नुसतंच बघत होतं.

शंभूराज म्हणाला, "आबा, जड न्हाय ना जायचं? जात आसंल तर आत्ताच बोला. जुनंच बसवू. आपल्याला काय, मिरवायला नवं पायजे असं न्हाय."

"आबाला जड?" सिद्धू म्हणाला. "आबा दोन मेंढरं दोन बगलंत मारून नदी वलांडायचं, ईचारा कुनालाबी."

लोक हसले. आबाजीनं स्टिअरिंगवर एक बोट ठेवलं आणि फिरवलं. ते गरकन फिरलं.

"फुलावानी हाय," तो म्हणाला.

मिस्त्रीनं तोंडातला तंबाखू बाहेर टाकला. "आबा, चाकं आदांतरी हायत. खाली टेकू द्या, माल भरू द्या, मंग बोला."

"गाडी तू चालवतूस का मी?"

मिस्त्री जॅक उतरवायला वळला. सगळ्यांनी ऐकलं होतं.

चाकं अधांतरी आहेत हे आबाजीला मिस्त्रीपेक्षा कमी कळत नव्हतं. पण जड जाईल म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता, का जड जाईल. त्याला बापाची एक सकाळ आठवत होती. मेंढरं घेऊन चालणाऱ्यांत एक रीत होती. कळपाच्या पुढं चालणाऱ्या म्हाताऱ्याला पाण्यातून मेंढरू उचलून नेणं होईना झालं, की त्यानं आपली काठी आपण होऊन दुसऱ्याच्या हातात द्यायची. कुणी मागायची नाही. नीरेच्या काठावर बापानं काठी आपल्या धाकट्या भावाला दिली. त्या दिवसापासून बाप मागं चालू लागला, बायकांच्या आणि ओझ्याच्या घोड्यांच्या बरोबर. लोक म्हणायचे, म्हाताऱ्यानं मान राखला. पण आबाजीनं बापाचं ते मागचं चालणं पाहिलं होतं. आपण असं चालायचं नाही, हे त्यानं तेव्हाच मनाशी बांधलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी तो गाडी घेऊन आपल्या गावी, निरवांगीला गेला. घराच्या अलीकडं कालव्याचा पूल होता. पुलावर आला की तो हॉर्न द्यायचा, आणि सारजा तवा चुलीवर ठेवायची. जुना हॉर्न घसा बसलेल्या मेंढ्यासारखा वाजायचा. आज पुलावरून गाण्याची चाल वाजली. घरी आला तर चूल गार, आणि सारजा शेजारच्या सिंधुबाईकडं गप्पा मारत बसलेली.

"अगं, हार्न दिला की," तो म्हणाला.

"तो तुमचा व्हय? मला वाटलं कुनाचं वऱ्हाड चाललंय."

तिनं भाकऱ्या केल्या. जेवण झाल्यावर खांद्याला तेल चोळताना तिनं विषय काढलाच.

"मालकास्नी सांगा की सरळ. खांदा गेलाय म्हनावं."

"मंग?"

"मंग काय. बसा घरी. मी हाय की."

"दिसभर तुज्यासंगं बसायचं, त्यापरीस खांदा दुकल्याला बरा."

"खांदा तरी बोलतो का तुमच्याशी?" सारजा म्हणाली आणि तिनं असं दाबलं की आबाजीच्या तोंडून आवाज निघाला. "बगा. बोलला."

खंडेनवमीला तिनं गाडीची पूजा केली. जुन्या स्टिअरिंगला लावलेलं हळदकुंकू लोकरीत मुरून पुढच्या खंडेनवमीपर्यंत राहायचं. नव्या स्टिअरिंगच्या गुळगुळीत काळ्या रेग्झीनवर ते टिकेना. बोट फिरवलं की पुसून जायचं. तिनं मग ते समोरच्या काचेला लावलं.

पुढचे काही दिवस बरे गेले. गाडी रिकामी असायची, किंवा हलका माल. चालत्या गाडीला स्टिअरिंग फिरवायला फारसा जोर लागत नाही. खांदा दुखायचा, पण काम निभायचं. आबाजीला वाटू लागलं, जमेल. उभ्या गाडीवर स्टिअरिंग फिरवायची वेळच येऊ द्यायची नाही, सतत चाकं चालती ठेवायची, की झालं. एवढा एक हंगाम निघाला की पुढच्याचं पुढं. हा हंगाम गाडीवर काढायचा, बाकी त्याला काही नको होतं.

मोळीच्या दिवशी गाडी ऊस भरून कारखान्याच्या आवारात शिरली. नाकावर झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना उसाचे खांब बांधलेले, पुढं हलगी. काट्यावर वजन झालं. काट्यावरून उतरून डावीकडं मोठा फेरा घ्यायचा आणि गव्हाणीसमोर, जिथून ऊस आत ओढला जातो तिथं, गाडी लावायची. हा फेरा आबाजीनं किती हंगाम घेतला होता, त्याला हिशेब नव्हता. तो चालत्या गाडीवरच घ्यायचा, हे त्यानं सकाळपासून मनात घोकलं होतं.

पण फेऱ्याच्या जागेवर पाहुण्यांच्या मोटारी लावलेल्या होत्या. एक माणूस पुढं धावत आला, हात आडवे करून त्यानं गाडी थांबवली आणि आता जागच्या जागी वळवा म्हणून खुणा करू लागला.

गाडी उभी राहिली. वर सगळा ऊस, खाली मऊ मातीत रुतलेली पुढची चाकं. आबाजीनं दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं. ते भिंतीत पुरल्यासारखं होतं. त्याचा डावा हात सवयीनं आत गेला आणि मनगटापाशीच अडकला. कोपर जाईना. त्यानं बुड उचललं, अंग टाकलं, पण अंग टाकायला जागाच नव्हती. तो स्टिअरिंगच्या मधोमध आडवा झाला. छातीखाली हॉर्नचं बटण आलं आणि गाणं सुरू झालं.

लोकांना वाटलं, आबा खुशीत आहे. टाळ्या पडल्या. हलगीवाल्यानं गाण्याच्या चालीवर ठेका धरला. आबाजी ओढत होता, खांद्यात काहीतरी तटकन तुटल्यासारखं झालं, डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि गाणं वाजतच राहिलं. त्याला छाती उचलायचं सुचेना.

दरवाजा उघडला. खाली सिद्धू उभा होता.

"सरका आबा," तो हळू आवाजात म्हणाला.

आबाजी सरकला. सिद्धू वर चढला, दात आवळून त्यानं स्टिअरिंग खेचलं. त्याच्याही मानेवरची शीर टरारून फुगली, पण चाकं वळली. गाडी गव्हाणीसमोर लागली. नारळ फुटला, हार पडले, फोटो निघाले. स्टिअरिंगवर सिद्धू होता. आबाजी पलीकडच्या बाजूला, क्लीनर बसतो तिथं बसला होता, आणि एक हार चुकून त्याच्याही मांडीवर येऊन पडला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो कन्हेरीला गेला. गाडी दारात नव्हती. सिद्धू पहाटेच घेऊन गेला होता. मोहनराव ओसरीवर बसले होते. त्यांनी आबाजीला वर बसवलं, चहा सांगितला, खांद्याची चौकशी केली. मोहनरावांनी आयुष्यात कुणाला तोंडावर नको म्हटलं नव्हतं. तालुक्यात त्यांचं नाव होतं ते त्यामुळंच.

"खांदा दाखवा कुनाला तरी चांगल्या डाक्टरला," ते म्हणाले. "गाडी काय पळून जाती व्हय?"

"मालक, जुनं स्टेरिंग बसवा. आजच्या आज चालवून दावतो."

"आता तुमी म्हनताय तर बसवू की. मिस्त्रीला ईचारा, ठेवलंय का त्यानं." मोहनरावांनी बशीत चहा ओतला. "पर तुमीच तर म्हनालात म्हनं, फुलावानी हाय."

चहा पिऊन आबाजी तिथून तसाच बारामतीला आला. गॅरेजच्या भिंतीला जुनं स्टिअरिंग नव्हतं.

"शंभूराज घिऊन गेलं की," मिस्त्री म्हणाला. तो एका गाडीखाली पडून काम करत होता. आबाजी जाईना, तसा तो सरपटत बाहेर आला आणि हात पुसत बसला. "आबा, एक बोलू का? राग धरू नगा."

"बोल."

"ते नवं स्टेरिंग सिद्धूनंच पसंत केल्यालं. पुन्याला तोच गेलता शंभूराजसंगं. हाताला कसं बसतंय, ते बगून घेतलं त्यानं."

"कवा?"

"श्रावनात. हितंच बोलनं झालं त्यांचं, ह्या बाकड्यावर. यंदापास्नं गाडी सिद्धूकडं म्हनून." मिस्त्रीनं मान खाली घातली. "मला वाटलं, तुमास्नी ठावं हाय. तुमी फुलावानी म्हनलात, तवा मला वाटलं, आबा रीतीनं गाडी सोडतुया."

आबाजी त्याच बाकड्यावर बसला. म्हणजे त्या दिवशी खाली उभं राहून विचारणाऱ्या पोराला उत्तर आधीच माहीत होतं. जड म्हटलं असतं, तरी आबाजी गाडीवरून खाली उतरला असता. हलकं म्हटलं, तरी उतरला. फरक एवढाच, की आता दोष द्यायला कुणी राहिलं नव्हतं. त्यानं आपल्या तोंडानं, चार माणसांत, एक बोट लावून हलकं म्हटलं होतं. बापानं निदान काठी दिली होती. आबाजीच्या हातून ती काढून घेतली, आणि वर बोलणं असं की त्यानंच दिली.

"च्या घेता का आबा?" मिस्त्रीनं विचारलं.

"नगं. घेऊन आलोय मालकाकडं," आबाजी म्हणाला.

दिवाळीच्या मागंपुढं एकदा दुपारी कालव्याच्या पुलावर गाणं वाजलं. सारजा चुलीपाशी होती. ती उठली नाही. गाडी दारात येऊन थांबली. सिद्धू चालवत होता. शंभूराज खाली उतरला. त्याच्या हातात ते जुनं स्टिअरिंग होतं. घासून पुसून लालभडक रंगवलेलं, वर झेंडूची माळ.

"आबा, ही तुमची आठवन. वडील म्हनाले, आबांच्या घरी असायला पायजे. पार गंजलं होतं, चांगलं करून आनलं."

आबाजीनं ते हातात घेतलं. गुळगुळीत रंगाचा हाताला गार स्पर्श झाला. त्यानं ते एकदा फिरवून पाहिलं.

"दोरी होती वर," तो म्हणाला.

"ती व्हय? ती कापून टाकली. कुजली होती, आबा. वास मारत होती पार."

"बरं केलं," आबाजी म्हणाला.

सारजानं चहा टाकते म्हटलं, पण त्यांना घाई होती, ऊस भरायचा होता. गाडी सुरू करता करता सिद्धूनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आबा, ते ओढ्याकडचं वळण. भरल्या गाडीला लई जड लागतंय. तुमी कसं घ्यायचा?"

आबाजी खिडकीखाली येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "आंब्याच्या झाडापाशीच डावीकडं दाबायची. उशीर करायचा न्हाय. आन् थांबायचं न्हाय. थांबलास की गेलास."

सिद्धूनं मान हलवली. गाडी गेली. पुलावर पुन्हा गाणं वाजलं, विनाकारण.

स्टिअरिंग बरेच दिवस दाराच्या खुंटीला होतं. आल्यागेल्याला ते दिसायचं, आणि आलागेला त्यावरून काहीतरी विचारायचा. मग एकदा आबाजीच म्हणाला, काढ ते. सारजानं ते काढलं, हातात धरून घरभर बघितलं, आणि मोरीपाशी जमिनीवर आडवं ठेवून त्यावर पाण्याची घागर ठेवली. घागरीचं गोल बुड मधोमध दांड्यांच्या वर टेकलं.

"हलतीया का?" आबाजीनं खाटेवरून विचारलं.

तिनं घागर दोन्ही हातांनी हलवून पाहिली.

"न्हाय," ती म्हणाली. "घट्ट बसलीया."